तीन पत्तीत राजा, पोकरमध्ये भिकारी: नवशिक्याने आधी काय शिकावं?

किल्वर_गुलाम
मंडळी, आधीच सांगून टाकतो, पैशांचा मामला नाही. चिंचोके लावतो, शेवटी ज्याचे सगळ्यात कमी उरतील त्याने पुढच्या वेळचे वडापाव आणायचे एवढंच, तेव्हा उपदेशवाल्यांनी जरा दमानं घ्या.

आमची लालबागची जुनी चाळगँग. चाळीचा टॉवर झाला, आम्ही गेलो कोण बदलापूर, कोण विरार, पण महिन्यातला एक शनिवार भांडुपला एका मित्राकडे बसतो. गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती खेळत मोठे झालो आणि त्यात माझा हात धरणारा अख्ख्या गँगमध्ये कोणी नाही, ब्लाइंड खेळत राहून भल्याभल्यांना पॅक करायला, म्हणजे पत्ते टाकून द्यायला, लावलंय. पण तीन महिन्यांपासून या लोकांनी पोकर सुरू केलंय, टेक्सास होल्डेम, म्हणजे हातात दोन पत्ते आणि मध्ये सगळ्यांचे मिळून पाच, आणि तिन्ही वेळा वडापाव मी आणलेत.

परवाचा डाव सांगतो. सहा जण, प्रत्येकी १०० चिंचोके, ब्लाइंड (दोघांनी पत्ते बघायच्या आधीच भरायचे) १ आणि २. मला इस्पिक एक्का आणि बदाम राजा. मी म्हटलं कोणाला कळू द्यायचं नाही, गुपचूप २ टाकले. पाच जण आत. फ्लॉप, म्हणजे मधले पहिले तीन पत्ते, आला चौकट राजा, किल्वर नव्वी, इस्पिक चौकी. मी २ लावले, तिघं आले. मग दुर्री पडली, ४ लावले, दोघं आले. शेवटची सत्ती, मी चेक केलं, म्हणजे काही न लावता पुढे सोडलं, आणि मित्राची बायको जी तोवर कोकम सरबत ढवळत नुसतं भरत होती तिने एकदम ३० सरकवले. मी म्हटलं वहिनी फेकतायत, हातात काही नसताना नुसती हवा, कॉल, म्हणजे मी पण ३० भरले. तर वहिनींकडे नव्वी आणि चौकी! नव्वी-चौकीवर कोण खेळतं यार??

त्याच्या पुढच्याच डावाला मी गुलाम-तिर्रीवर ऑल-इन गेलो, म्हणजे होते तेवढे सगळे लावले, ते सांगत नाही.

आता हे निव्वळ नशीब की माझंच काही चुकतंय? अगदी बेसिकपासून सांगा, कोण मोठं कोण लहान तेवढं पाठ आहे.

सोमवार_नको
प्रश्न सोडून विचारतो, चिंचोके मिळतात कुठे आता? आमच्याकडे चिंच पण पाकिटातली, बी काढलेली.

किल्वर_गुलाम
मित्राच्या आईने सावंतवाडीहून पिशवी भरून आणलेत, सारीपाटासाठी ठेवले होते. अर्धे फोडून घेतलेत, पांढरी बाजू म्हणजे पाच आणि अख्खा काळा म्हणजे एक.

मी_पण_तिथेच
वहिनींना कळलंच नसेल काय आलंय ते, लागला मटका. बिगिनर्स लक. पुढच्या वेळी धुवाल त्यांना.

चौकट_राणी
@मी_पण_तिथेच, दोन जोड्या फ्लॉपलाच लागल्या होत्या, तरी बाई दोन वेळा गप्प बसून समोरच्याला पैसे, म्हणजे चिंचोके, टाकू देत होती आणि शेवटी अख्ख्या पॉटएवढे, म्हणजे मध्ये जमलेल्या ढिगाएवढे, मागून घेतले. याला कळलं नाही म्हणतात का? आणि बायका-पोकरचंच निघालं म्हणून, २०१८ मध्ये निकिता लुथरने लास व्हेगासला पोकरच्या वर्ल्ड सिरीजचं ब्रेसलेट, म्हणजे तिथलं विजेतेपद, जिंकलंय. असो.

किल्वर_गुलाम, तुमचा राग नव्वी-चौकीवर आहे पण तिला घरात तुम्हीच घेतलंत. दोन चिंचोक्यांत तीन पत्ते बघायला मिळत असतील तर मी पण नव्वी-चौकी घेऊन येईन की.

एक्का-राजा दिसायला राजेशाही पण ती जोडी नाही हे आधी डोक्यात घ्या. फ्लॉपवर त्यातल्या एकाची तरी जोडी लागणं तीनात एकदा होतं. म्हणजे तीनात दोनदा तुम्ही नुसत्या मोठ्या पानावर हवा करत बसलेले असता. असे पत्ते एक-दोघांसमोर भारी, जत्रेत नाही. एक्क्यांच्या जोडीचं पण तेच आहे बघा. समोर एकच माणूस, त्याचे पत्ते कसलेही, तर शंभरात साधारण ८५ वेळा एक्के जिंकतात. समोर चार जण ठेवा, तोच आकडा ५५-५६ वर येतो. पत्ते तेच, गर्दी वाढली. म्हणून चांगलं पान आलं की गुपचूप बसायचं नाही, ब्लाइंड २ असेल तर ७-८ करायचे, नव्वी-चौकीवाले आपोआप पॅक होतात आणि जे राहतात ते भरून राहतात.

मग फ्लॉप. पॉट १० चा आणि तुम्ही लावले २. समोरच्याला २ भरून १२ जिंकायचा चान्स दिलात, एवढा सेल तर दादरला दिवाळीत पण लागत नाही. तिथे ६-७ लावायला हवे होते.

आणि शेवटचा कॉल, तो खरा महाग पडला. पॉट होता ३०, वहिनींचे ३०, म्हणजे तुम्ही ३० भरून ६० जिंकणार होतात. हा कॉल फायद्यात यायला वहिनी तीनात एकदा तरी फेकत असायला हव्यात. तीन महिन्यांत वहिनींनी किती वेळा फेकलंय सांगा बरं?

किल्वर_गुलाम
एकदाही नाही :(

चौकट_राणी
मग झालं तर. राजाची जोडी तिथे ठेवायची पत्त्यांवर पत्ता आणि म्हणायचं, वहिनी, सरबत द्या.

रमीतला_जोकर
माझा वेगळाच गोंधळ. तीन पत्तीतून आल्यामुळे मी पहिल्यांदा सिक्वेन्स घेऊन नाचलो, पाच-सहा-सात-आठ-नऊ, समोरच्याने कलर, म्हणजे पाचही एकाच रंगाचे, टाकला आणि चिंचोके, आमच्यात बटणं, ओढून घेतली. मी भांडलो, सिक्वेन्स मोठा म्हणून. सगळे हसले. असं उलटं का पण?

आकडेमोड
याचं उत्तर मस्त आहे, जे कमी वेळा लागतं ते मोठं, एवढंच तत्त्व. ५२ पानांतून तीन काढायचे २२,१०० प्रकार होतात, त्यात साधा सिक्वेन्स ७२० प्रकारे येतो आणि कलर १,०९६. म्हणून तिथे सिक्वेन्स मोठा. पाच पानांचे होतात २५,९८,९६०, त्यात स्ट्रेट, म्हणजे साधा सिक्वेन्स, १०,२०० आणि फ्लश, म्हणजे कलर, ५,१०८. म्हणजे पानं तीनाची पाच झाली की कलर जमवणं अवघड होऊन बसतं आणि क्रम फिरतो.

अवांतर, तीन पत्तीत ट्रेल (तिन्ही सारखी पानं) ५२ प्रकारे लागते आणि प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाचा) ४८ प्रकारेच, म्हणजे काटेकोर हिशोबाने प्युअर वर हवा. पण ट्रेल वर ठेवून पिढ्या खेळल्या, आता कोण सांगणार जागरणाला बसलेल्या काकांना.

रमीतला_जोकर
मी तर नाही सांगणार.

उपनगरी
तीन पत्तीवाल्यांची अजून एक सवय म्हणजे 'ब्लाइंड' शब्द. तिथे ब्लाइंड म्हणजे न बघता खेळायची हिंमत, मर्दानगी वगैरे. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे डीलरच्या डावीकडच्या दोघांनी जबरदस्तीने भरायचा टोल. त्यात हिंमत काही नाही, आणि टोल भरला म्हणून त्या रस्त्याने जायलाच पाहिजे असंही नाही. आमच्यात एक जण आहे, २ भरलेत ना मग सोडू कसे म्हणून प्रत्येक ब्लाइंड वाचवायला अजून १० घालतो.

मला विचाराल तर नवशिक्याने आकड्यांच्या आधी एकच गोष्ट शिकावी, जागा. कुठे बसलोय. लोकलमध्ये चढल्यावर आपण पहिलं काय करतो? 'कुठे उतरणार?' घाटकोपरचा सापडला की त्याच्या गुडघ्यासमोर उभं राहायचं. न विचारता कोणाच्याही समोर उभे राहिलात की तो नेमका निघतो टिटवाळ्याचा आणि तुम्ही ठाण्यापर्यंत लोंबकळत. पोकरमध्ये डीलरच्या जागेवर बसलेला माणूस फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलतो, म्हणजे पाचही जणांनी कुठे उतरणार ते सांगून झालेलं असतं. कोण चेक करून गप्प झाला, कोणी जोरात लावले, हे सगळं फुकटात बघून मग आपला निर्णय. आणि ब्लाइंडवाला बिचारा सगळ्यांच्या आधी, अंधारात.

त्यामुळे तेच पत्ते, समजा दश्शी-गुलाम एकाच रंगाचे, पहिल्या जागेवर मी पॅक करतो आणि डीलरच्या जागेवर वाढवून खेळतो. लोकांना वाटतं याचं डोकं फिरलंय, कधी हे टाकतो कधी त्याच्यावर मारतो.

(आम्ही डीलरचं बटण म्हणून कॅरमची राणी फिरवतो. फार शोभते.)

मी_पण_तिथेच
किती डाव खेळायचे मग? सगळेच टाकत बसलो तर आलो कशाला, घरी झोपलेलं बरं.

उपनगरी
सहा जणांत दहापैकी दोन-तीन डाव. सुरुवातीच्या जागांवरून त्याहून कमी, शेवटच्या जागांवरून थोडे जास्त. मोठ्या जोड्या, एक्क्याबरोबर राजा-राणी, राजा-राणी एका रंगाचे, असले. एक्का-पंजी, एक्का-छक्की वेगवेगळ्या रंगाचे, यांनी नवशिक्यांची जेवढी वाट लावलीय तेवढी दुर्रीने पण नाही, कारण एक्का आला की माणूस सोडत नाही आणि समोरच्याकडे एक्का-राणी असते. कंटाळा येणारच. चहा प्या, लोकांकडे बघा, कोण काय दाखवतंय ते लक्षात ठेवा.

सोमवार_नको
आणि 'एकाच रंगाचे आहेत म्हणून खेळलो' वाले? मी आहे त्यातला. बदाम-बदाम दिसले की हात आपोआप चिंचोक्यांकडे जातो.

आकडेमोड
एकाच रंगाचे दोन पत्ते घेऊन शेवटपर्यंत थांबलात तर फ्लश लागतो शंभरात साडेसहा वेळा. फ्लॉपलाच तयार लागायचा चान्स शंभरात एक पण नाही. त्यामुळे रंग म्हणजे वरची शेव, भेळ नाही.

छोट्या जोड्यांचं पण सांगतो, पंजी-पंजी वगैरे. त्याचं तिसरं पान फ्लॉपला येतं साधारण साडेआठात एकदा. आलं की समोरच्याला दिसत नाही, मोठा पॉट मिळतो. म्हणून समोरच्याकडे १०० असतील आणि तुम्हाला ६ भरून फ्लॉप बघायला मिळत असेल तर बघा. ३० मागत असेल तर पंजी-पंजी टाका गुमान.

आता पॉटचा हिशोब, कारण हा एकदा कळला की अर्धं पोकर आलं. तुमच्याकडे दोन बदाम, फ्लॉपवर दोन बदाम. बाकी ९ बदाम कुठेतरी आहेत, हे तुमचे आउट्स. सोपी युक्ती, दोन पानं यायची असतील तर आउट्स गुणिले ४, एक पान असेल तर गुणिले २. म्हणजे ९ चोक ३६, खरं उत्तर ३५ टक्के, चालतंय. आता पॉट आहे ४०, समोरच्याने २० लावले. तुम्ही २० भरायचे, भरल्यावर पॉट ८०, तुमचा वाटा २५ टक्के. चान्स ३५, लागणारे २५, डोळे झाकून कॉल.

चौकट_राणी
आकडेमोड, इथे थांबा, नवशिक्यांना बुडवाल तुम्ही. ३५ टक्के हे दोन्ही पानं बघितल्यावर. २० भरून तुम्हाला एकच पान बघायला मिळतंय. टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, बदाम नाही आला की समोरचा परत लावणार, परत भरा. समोरच्याचे ते शेवटचे २० असतील, ऑल-इन असेल, तरच ३५ धरा. नाहीतर पुढच्या पानाचे ४७ पैकी ९, म्हणजे १९ टक्के, आणि १९ काही २५ होत नाही.

आकडेमोड
मान्य, घाईत लिहिलं. पण मग फ्लश ड्रॉ, म्हणजे एका पानाने अडलेला फ्लश, कधी खेळायचाच नाही असं होईल ना?

चौकट_राणी
नाही, फक्त प्रश्न बदलतो. लागल्यावर समोरचा अजून किती देईल? याच उदाहरणात हिशोब केला तर बदाम आल्यावर अजून निदान २५ चिंचोके त्याच्याकडून निघायला हवेत, मग कॉल बरोबरीत सुटतो. त्याच्यासमोर अजून ८० पडलेत आणि माणूस राजाची जोडी घेऊन शेवटपर्यंत कॉल करणारा आहे (कोणाचं नाव घेत नाही) तर खुशाल भरा. त्याच्याकडे १०च उरलेत, किंवा तिसरा बदाम बघून लगेच पत्ते टाकणारा आहे, तर नका भरू.

आणि भरण्यापेक्षा कधीकधी आपणच मारावं. ड्रॉवर वाढवलं तर समोरचा पॅक होऊन तिथल्या तिथे पॉट मिळू शकतो, नाही झाला तरी बदाम यायचे बाकी आहेतच. दोन दरवाजे. नुसत्या कॉलला एकच दरवाजा.

किल्वर_गुलाम
कोणाचं नाव घेत नाही म्हणे. कळलं हो मला.

काकडआरती
सगळं वाचलं. हुशारीचं लिहिताय सगळे, पण मी लालबागचाच, आणि वयाने तुमच्या वडिलांएवढा, म्हणून लिहितो. गिरण्या चालू होत्या तेव्हा आमच्या शेजारच्या खोलीत एक गृहस्थ होते, पत्त्यांत डोकं असं की कोणाच्या हातात काय उरलंय ते बोटांवर सांगायचे. पगाराच्या दिवशी त्यांची बायको गिरणीच्या गेटवर जाऊन उभी राहायची, पाकीट हातात घ्यायला. डोकं होतं म्हणून काही वाचलं नाही. चिंचोके आहेत तोवर ठीक.

चौकट_राणी
काका, पटतं. आणि यातला खेळाचा मुद्दा पण खरा आहे. पत्ते कळणं वेगळं आणि उठता येणं वेगळं. किल्वर_गुलाम, तुम्ही लिहिलंत ना, हरल्यावर पुढच्याच डावाला गुलाम-तिर्रीवर ऑल-इन. पोकरवाले याला टिल्ट म्हणतात, आपण डोकं फिरलं म्हणतो. मी बसते तिथे नियम आहे, १०० संपले की संपले, परत घ्यायचे नाहीत, बाहेर बसून पत्ते पिसायचे आणि चहा करायचा. मोठा डाव हरलं की पुढचे दोन डाव मी पान न बघता सोडते, ते दोन डाव पंख्याकडे बघते.

काकडआरती
पंख्याकडे बघणारी पोरगी जिंकेल.

सोमवार_नको
घरी प्रॅक्टिस करायला कुठलं ॲप चांगलं? आधी जाहिराती दिसायच्या, क्रिकेटच्या मॅचमध्ये सारख्या.

उपनगरी
ते दिवस गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून ऑनलाइन खेळायचं बंद, कौशल्याचा खेळ असला तरी. फुकट चिप्सवाले खेळता येतात पण तिथे दुसऱ्या डावाला सगळे ऑल-इन, कारण जातंय काय. आणि कोणी 'आमच्याकडे बसा, डावामागे थोडं घराला द्या' असं म्हणून पैशांचा अड्डा चालवत असेल तर त्या वाटेला जाऊ नका, आपल्याकडे जुगाराचा कायदा १८८७ पासून आहे आणि असल्या जागांसाठीच आहे. ज्यांना गोव्याला मांडवीतल्या बोटींवर जायचंय त्यांनी जावं पण तिथे पॉटमधून घराचा वाटा कापतात, म्हणजे टेबलावरच्या सगळ्यांपेक्षा थोडे बरे असून पुरत नाही, तो वाटा भरून निघेल एवढे बरे असावं लागतं.

प्रॅक्टिस अशी करा. एक कॅट घ्या, सहा जागी दोन-दोन पत्ते वाटा, सगळे उघडे. बघा आत्ता कोण पुढे आहे वाटतं. मग फ्लॉप टाका, परत बघा. टर्न, मग रिव्हर म्हणजे शेवटचं पान. असे पन्नास डाव केलेत की कळतं सुरुवातीचा राजा शेवटी किती वेळा पडतो ते. फुकट आहे आणि बायको ओरडत नाही. म्हणजे ओरडते, पण कमी.

मी_पण_तिथेच
तुम्ही सगळे आकड्यांवर आहात पण पोकर म्हणजे ब्लफ ना? चेहरा वाचणं, डोळ्यात बघणं, गॉगल.

आकडेमोड
गॉगल पिक्चरमध्ये. २०१७ मध्ये कार्नेगी मेलनवाल्यांनी लिब्राटस नावाचा प्रोग्राम बनवला, तो चार प्रो खेळाडूंशी एकास एक मिळून १,२०,००० डाव खेळला आणि चौघांना हरवलं. त्याला डोळे नाहीत, समोरचा घाम पुसतोय का ते दिसत नाही. आणि तरी तो भरपूर ब्लफ करायचा. म्हणजे ब्लफ चेहऱ्यावर नाही, हिशोबावर चालतो. पॉट ४० आहे आणि तुम्ही २० लावून फेकलंत तर तीनात एकदा समोरचा पॅक झाला तरी तुम्ही नुकसानीत नाही. अख्खे ४० लावलेत तर दोनात एकदा व्हायला हवा. बस, एवढंच विचारायचं स्वतःला, हा माणूस एवढ्या वेळा पॅक होतो का?

उपनगरी
आणि म्हणूनच तीन पत्तीच्या गँगमध्ये ब्लफ करू नये, +१. त्यांना शो मागायची सवय. 'बघू तरी' म्हणून ३० भरणाऱ्या माणसाला कोण फेकून घालवणार? तिथे फक्त चांगलं पान आलं की भरपूर लावायचं, ते भरतात, आपण घ्यायचं. ब्लफ त्याच्यासमोर जो विचार करतो.

चेहऱ्यापेक्षा घड्याळ वाचा. आमच्याकडे एक जण कर्जतला राहतो. शेवटची गाडी जवळ आली की तो तासभर सांभाळलेले सगळे चिंचोके कशावरही ढकलतो, सत्ती-तिर्री असो, कारण चिंचोके काय घरी न्यायचे नाहीत. त्या वेळेला मी एक्का-दश्शीवर पण आनंदाने कॉल करतो. बाकी वेळी तोच माणूस ऑल-इन गेला तर मी राण्यांची जोडी घेऊन दहा मिनिटं विचार करेन.

किल्वर_गुलाम
चेहऱ्याचं म्हणाल तर त्या बाबतीत मी सेफ आहे, माझा चेहरा एकदम दगड, ऑफिसात अप्रेझलला पण कोणाला कळत नाही मला काय वाटलं ते.

रमीतला_जोकर
मला नव्वी-चौकीवरून आठवलं, दश्शी-दुर्रीला डॉयल ब्रनसन म्हणतात ना? तो १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड सिरीज शेवटच्या डावात त्याच दोन पत्त्यांवर जिंकला. मग फालतू पत्ते फालतू नसतात असं नाही का?

चौकट_राणी
फालतूच असतात. तो जिंकला कारण शेवटी समोर एकच माणूस उरला होता, आणि मुख्य म्हणजे तो डॉयल ब्रनसन होता. तुम्ही सहा जणांत पहिल्या जागेवरून दश्शी-दुर्री खेळलात तर त्या पत्त्यांना तुमचं नाव देणार नाहीत, वडापाव आणायला लावतील.

किल्वर_गुलाम
मंडळी, रिपोर्ट. काल शनिवार झाला.

तुमचं सगळं ऐकलं. पहिले दोन तास फक्त पॅक, पॅक, पॅक. मध्ये तीन-चार डाव खेळलो तेवढेच, नाव पडलं भजनी मंडळ, कारण मांडी घालून टाळ्या वाजवत बसलो होतो. एक्का-छक्की तीन वेळा टाकली, त्यातल्या एकदा छक्क्यांचं तिकाट लागलं असतं, जीव तुटला पण बोललो नाही. एकदा फ्लश ड्रॉ होता, २० मागत होते, समोरच्याकडे उरले होते आठ, चौकट_राणींचं आठवलं, टाकला.

मग डीलरच्या जागेवर मला काय यावं, बदाम एक्का आणि किल्वर एक्का. आयुष्यात पहिल्यांदा. माझ्या आधीचे तिघंही पॅक झाले, पॉटमध्ये नुसते ब्लाइंडचे ३. म्हटलं आता लपवायचं नाही, गुपचूप बसायचं नाही, सांगितलंय तसं ८ करायचे. केले ८.

सगळे पॅक. उरलेल्या दोघांनी माझ्याकडे बघितलं, 'हा दोन तासांनी उठलाय' म्हणाले आणि पत्ते टाकले. एक्क्यांच्या जोडीवर ३ चिंचोके. तीन!!

शेवटी ११४ वर संपलो, वडापाव कर्जतकरांसारख्याच एका घाईवाल्याकडे गेले, त्यामुळे तक्रार नाही म्हणा. पण त्या तीन चिंचोक्यांना काय म्हणायचं?

सोमवार_नको
ते तीन फ्रेम करून भिंतीवर लावा. चिंचोके आहेत, टिकतील.

आकडेमोड
एक्क्यांची जोडी २२१ डावांत एकदा येते. हाताने पिसून वाटता, तासाला फार तर पंचवीस डाव होत असतील, म्हणजे पुढची जोडी अजून नऊएक तासांच्या खेळानंतर. नवरात्र-दिवाळी धरून बघा.

चौकट_राणी
अहो पण हे फुकट गेलं असं का समजता? तुम्ही ८ केले की पाच जण पॅक होतात ही माहिती तुम्हाला त्या तीन चिंचोक्यांबरोबर मिळाली. आता दोन तास भजन केलेल्या माणसाने शेवटच्या जागेवरून ८ केले तर हातात एक्के आहेत की छक्की-सत्ती हे कोणाला कळणार? पुढच्या शनिवारी तासभर भजन करा आणि मग डीलरच्या जागेवरून दोन-तीनदा असंच मारा, पत्ते जरा बरे असले म्हणजे झालं, एका रंगाचे लागोपाठचे वगैरे. ब्लाइंड गोळा करत राहा. कोणी उलट वाढवलं तर लगेच टाका, हट्ट नको.

किल्वर_गुलाम
हे भारी आहे. म्हणजे आता माझ्या गरीब इमेजवर फेकायचं. करतोच पुढच्या वेळी, आणि वहिनी ब्लाइंडला असतील तेव्हाच करतो, त्या एवढ्या टाकत नाहीत पण माझं भजन बघून त्यांनी पण काल राणी-दश्शी टाकली, मला नंतर दाखवली.

उपनगरी
एक शंका. वहिनी ही साइट वाचतात का हो?

किल्वर_गुलाम
छे, त्या कुठे, त्या रेसिपीच्या धाग्यांवर असतात.

नव्वी_चौकी
वाचते, भावोजी. चिंचोके कुठे मिळतात असं एकांनी विचारलंय त्यांना सांगा, सासूबाई गौरी-गणपतीला गावी जातायत, आणतील. आणि चांगलं पान आलं की तुम्ही चष्मा वर सरकवता, ते आधी बंद करा. काल एक्क्यांना दोनदा सरकवलात.